दारावरचं ओलं कापड

माझी मावशी चाळीस वर्षं लोकांच्या काती सोडवत होती. कात काढणं वेगळं आणि कात सोडवणं वेगळं, आणि ज्याला हा फरक पटत नसे त्याला ती उंबऱ्याच्या आत घेत नसे. "काढायला काय, कुणीही काढेल," ती म्हणायची. "ओढलं की निघतं. खालच्या जिवंत कातडीसकट निघतं." मग समोरच्याचं उतरलेलं तोंड बघून म्हणायची, "ये, बस. मी ओढत नाही."

आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं कातघर होतं. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत बसायला लाकडी फळ्या, भिंतीत एक फडताळ आणि त्यात गिऱ्हाइकांची गाठोडी. मागच्या खोलीत दगडी हौद, हौदाखाली चूल आणि मधोमध दोन खरखरीत खांब. लोकांनी अंग घासून घासून ते मध्यावर बारीक करून टाकलेले. दिवसभर वाफ. त्या भिंतींचा मूळ रंग कोणता होता ते मला आजही सांगता यायचं नाही. तेलाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आणि खुंटीवर जुन्या मऊ कापडांची चळत.

पायवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगते. कमरेच्या वर आम्ही तुमच्यासारखेच: दोन हात, एक तोंड आणि नको तिथे चालणारी जीभ. कमरेखाली शेपूट. दर दोन-अडीच महिन्यांनी आमची वरची कातडी जुनी होते आणि उतरते. अंगाची कात बहुतेकांची आपोआप जाते, खांबाला घासलं की झालं. अडतं ते डोळ्यांशी. आम्हाला पापण्या नाहीत. पापणीच्या जागी डोळ्यावर कातडीचीच एक पारदर्शक चकती असते आणि ती दर कातीबरोबर निघावी लागते. नाही निघाली तर पुढच्या खेपेला तिच्याखाली दुसरी अडकते, मग तिसरी, आणि माणसाला जग गढूळ पाण्यातून दिसायला लागतं. स्वतःच्या डोळ्यावरची चकती स्वतःला सोडवता येत नाही. मावशीलाही येत नसे. तिच्या मी सोडवायची.

म्हणून कात हातात आली की मावशी आधी तिचं डोकं उजेडाकडे धरायची. डोळ्यांच्या जागी दोन चकत्या चमकल्या, माशाच्या खवल्यासारख्या, तर माणूस सुटला. नुसती दोन भोकं दिसली तर चकत्या मागे राहिल्या. बाकी कात कितीही अखंड असो, तिला त्याचं कौतुक नव्हतं. एकदा शाळामास्तर आपली डोक्यापासून टोकापर्यंत न फाटलेली कात घडी घालून मिरवायला घेऊन आले. मावशीनं भोकं बघितली आणि म्हणाली, "मास्तर, सदरा छान शिवलाय, पण तुम्हाला फळा दिसतो का?" मास्तर भडकले, आरडाओरडा करायला लागले. मावशीनं त्यांना हौदात बसवलं आणि त्यांच्या शेपटीचं टोक हातात घेऊन म्हणाली, "टोक माझ्या हातात आहे. जरा बेतानं." त्या दिवसापासून मास्तर गल्लीतून जाताना मावशीला आधी नमस्कार करायचे.

चकती सोडवायला ती करंगळी वापरायची. अंगठ्याला जोर असतो आणि जोराचं तिथे काम नाही, असं तिचं म्हणणं. कोमट पाण्यात भिजवलेलं कापड डोळ्यावर ठेवायचं, मग तेलाचा एक थेंब, मग करंगळीनं कडेकडेनं फिरत राहायचं. कधी अर्धा तास, कधी अर्धा दिवस. ती मधे बोलायची नाही आणि गिऱ्हाइकाला हलू द्यायची नाही.

माझं लग्न मोडल्यावर मी चार दिवसांसाठी म्हणून मावशीकडे आले आणि राहिलेच. काम शिकले. बरं शिकले, पण मावशीच्या मुलीसारखं नाही. तिच्या हनुवटीखाली काळे ठिपके होते म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे. ठिपकीची करंगळी जन्मतःच शहाणी होती. मला जिथे तास लागायचा तिथे ती गाणं गुणगुणत पाच मिनिटांत चकती काढून माझ्या तळहातावर ठेवायची, वर डोळा न मिचकावता चिडवायची. डोळा मिचकावायची सोय आमच्यात कुणालाच नाही म्हणा.

ठिपकी काचवाल्यात गुंतली. तो पायवाला. आम्हाला तेलाच्या बाटल्या पुरवायला यायचा. माणूस वाईट नव्हता, हे मावशीही मान्य करायची. तिचं भांडण पायांशी नव्हतं. "त्याच्या घरात रात्रंदिवस भट्टी असते," ती म्हणायची. "कोरडी हवा. तिथे तुझे डोळे चिकटतील. त्याच्या बोटांना काचेचे घट्टे पडलेत, त्याला तुझी चकती लागणार तरी आहे का हाताला? आणि त्या गावात आपलं एक माणूस नाही." ठिपकी म्हणायची, "तू येशील की." मावशी म्हणायची, "मी येणार नाही." समोरची दोरवाली दारात दोर वळत बसलेली असायची. ती म्हणायची, सुंभ जळेल पण यांचा पीळ जायचा नाही, दोघींचाही. एके दिवशी ठिपकी गेली. मावशीनं निरोप दिला नाही.

चार वर्षं गेली. मावशी तिचं नाव घेत नसे. पण आम्हाला येणारं माणूस आधी जमिनीतून कळतं, पोटाखालच्या फरशीला हलका कंप येतो. दर वेळी उंबऱ्यावरून कुणी सरपटत आत आलं की हातातलं काम तसंच ठेवून मावशी मान वर करायची. मग "या" म्हणायची, ज्याला म्हणायचं त्याला.

आता धुक्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

कात उतरण्याआधी आठ-दहा दिवस आमचे डोळे दुधाळ होतात. त्याला आम्ही धुकं म्हणतो. धुक्यात दिसत नाही, जिभेला वास नीट लागत नाही, अंग आवळल्यासारखं होतं, आणि माणूस चिडतो. असा चिडतो की देवमाणूससुद्धा शिव्या घालतो. म्हणून आमच्यात एक रीत आहे. धुकं आलं की घराच्या दारावर ओलं कापड लावायचं, तेलात आणि पाण्यात भिजवलेलं, हाताला लागेल अशा उंचीवर. दिसत नसलेल्यालाही ते चाचपून कळावं. गावात कुणाला धुकं आलं की मावशी स्वतः जाऊन कापड लावून यायची. कापड असलेल्या घरात कुणी जात नाही, भांडत नाही, काही ठरवत नाही. आणि चुकून गेलंच, तर आतलं माणूस जे बोलेल ते धरायचं नाही. धुक्यातलं बोलणं पाण्यात गेलं. पण कापड हवं. कापड नसेल तर जे बोललं ते बोललं. ही अट कडक आहे आणि ती तशी असायलाच हवी, नाहीतर गावातला प्रत्येक शिवराळ माणूस दुसऱ्या दिवशी "मी धुक्यात होतो हो" म्हणत फिरला असता.

त्या दिवशी मावशीच्या धुक्याचा पाचवा दिवस होता. ती मागच्या खोलीत वेटोळं करून पडली होती. दारावर कापड होतं. मीच लावलं होतं.

सकाळी एक आजी तान्ह्या नातीला घेऊन आली. मुलीची पहिलीच कात, आणि ती गळ्याशी अडकून दोरीसारखी आवळत चाललेली. बाळ निळं पडायला लागलं होतं. मी म्हटलं, आत आणा. आजी उंबऱ्याशी अडली. "कापडाच्या दारातून तान्हं मूल नेत नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, आजी, बाळ बघा. ती बघेना. ती कापडाकडेच बघत होती. मला राग आला, आणि मी ते कापड ओढून काढलं, पिळलं आणि कमरेला खोचलं. "आता या!"

पुढच्या खोलीत मी बाळाचा गळा सोडवला. वीस मिनिटं लागली असतील. बाळ रडलं तेव्हा आजी माझ्या शेपटीवर पडली. मग म्हणाली, घरी येऊन वाफ कशी द्यायची ते सुनेला दाखव. दोन गल्ल्या पुढे त्यांचं घर. मी गेले. वाफ दाखवली. त्यांनी बसवून घेतलं, गरम काहीतरी प्यायला दिलं, बाळाचं कौतुक झालं, माझंही झालं. माझं कौतुक सहसा कुणी करत नाही, त्यामुळे मीही बसले. परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. कमरेला हात गेला आणि कापड लागलं. तोपर्यंत वाळून गेलं होतं. मी ते भिजवलं आणि दारावर लावलं. बैल गेला आणि झोपा केला, पण बैल गेलाय हे मला अजून माहीत नव्हतं.

समोरून दोरवाली हातातला दोर टाकून माझ्याकडे आली. "धुक्यात होती होय ती?" ती कापडाकडे बघत म्हणाली. "अगं, मग कापड का नव्हतं दुपारी?"

ठिपकी येऊन गेली होती. दोरवालीनं सगळं पाहिलं आणि ऐकलं होतं. ठिपकी भिंतीला हात लावत लावत आली. दोरवालीला वाटलं, थकली असेल. दाराशी आल्यावर तिनं दोन्ही हातांनी दार वरपासून खालपर्यंत चाचपलं. दोनदा. मग आत गेली.

आत काय झालं ते गल्लीत ऐकू आलं, कारण मावशीचा आवाज धुक्यात दुप्पट होतो. ठिपकी म्हणाली, "आई, मी आले. जरा बघ ना माझ्याकडे." आणि पाच दिवस काहीच दिसत नसलेली मावशी भडकली. "बघ म्हणे! काय बघू? ज्याच्यासाठी गेलीस त्याला सांग बघायला. त्याच्याकडूनच सोडवून घे आता. तुझी पहिली कात मी कधीच जाळली. या घरात तुझं काही नाही."

पायवाल्यांनो, पहिली कात म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? मूल जन्मल्यावर पहिल्यांदा जी उतरते ती आई जन्मभर डब्यात जपून ठेवते. ती जाळतात माणूस मेल्यावर. किंवा मेलं असं ठरवल्यावर.

ठिपकी बाहेर आली. तिनं पायरीवर एक गाठोडं ठेवलं आणि आली तशी भिंत चाचपत निघून गेली.

गाठोडं मी उचललं. त्यात काती आहेत हे हाताला कळलं. मला वाटलं, नातं तोडायला तिनं आपलं काहीबाही परत आणून टाकलं असेल. ज्याच्यासाठी ठेवलं त्यानंच गाठोडं उघडायचं असतं, म्हणून मी ते फडताळात ठेवून दिलं. धुक्यातल्या माणसाला काही विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही. मावशी एवढंच म्हणाली, "ठिपकी येऊन गेली. मी काहीतरी बोलले." आणि तोंड भिंतीकडे केलं. रीत पाळण्यात मी इतकी पक्की आहे, बघा.

पाच दिवसांनी मावशीची कात उतरली. मी तिच्या चकत्या सोडवल्या. डोळे मोकळे झाल्याबरोबर ती फडताळाशी गेली आणि गाठोडं उघडलं. आत दोन काती होत्या, लागोपाठच्या. सवयीनं तिनं पहिलीचं डोकं उजेडाकडे धरलं. दोन भोकं. दुसरीचं धरलं. दोन भोकं.

मी मावशीला चाळीस प्रकारे चिडलेली पाहिली आहे. घाबरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ठिपकी नातं तोडायला आली नव्हती. डोळे सोडवून घ्यायला आली होती. आधीची वर्षं चकत्या कशाबशा कातीबरोबर निघत गेल्या असतील; आता दोन थर चढलेले, तिसरी कात जवळ आलेली, रस्ता दिसत नसताना दीड दिवसाचा प्रवास करून ती आईकडे आली होती. बोलून दाखवायला लागू नये म्हणून काती बरोबर आणल्या होत्या. आईनं डोकं उजेडाला धरलं की आईला कळेल, एवढा भरवसा होता तिला.

"कापडाचं काय झालं होतं?" मावशीनं विचारलं. मी सांगितलं. बाळ, आजी, कंबर, सगळं. मावशी ऐकत होती आणि बाटल्या पिशवीत भरत होती. मला वाटलं, आता मारेल. मारायला हवं होतं. "कापडं घे," ती म्हणाली. "मऊ बघून घे."

अंगावर ओली नवी कातडी घेऊन ती तशीच गाडीत चढली. धुळीनं तिला जागोजागी सोलवटलं, पण तिला गाडी सावकाश चालतेय याचंच दुःख होतं. डबाही तिनं बरोबर घेतला होता. पहिल्या कातीचा. अर्थातच तिनं तो जाळला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दोन दिवसांचा उशीर झाला होता.

काचवाला दारातच रडायला लागला. पायवाले रडले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि जरा हलकं वाटतं म्हणे. ठिपकी परत आली ती काही न बोलता पडून राहिली. तिसऱ्या कातीला डोळे सुजले, ठणकायला लागले. घाबरून त्यानं त्यांच्या गावचा वैद्य आणला. वैद्यानं आयुष्यात आमच्यातलं माणूस तपासलं नव्हतं. त्यानं चिमटा घेतला आणि कोरडंच ओढलं. तिन्ही थर आले, आणि त्यांच्याबरोबर जे यायला नको तेही आलं. "मला कुणी सांगितलं नाही हो," काचवाला मावशीला म्हणत राहिला. "मला कुणीच काही सांगितलं नाही." मावशीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जावई म्हणून तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला तो असा.

ठिपकी आतल्या खोलीत पडली होती. डोळ्यांवर पट्टी. आमची चाहूल फरशीतून, खाटेच्या पायांतून तिला लागली असणार. तिनं जीभ बाहेर काढली, वास घेतला आणि मान भिंतीकडे वळवली.

"ठिपके," मावशी म्हणाली, "मी धुक्यात होते गं."

"दारावर कापड नव्हतं," ठिपकी म्हणाली. "मी नीट बघितलं. दोनदा बघितलं."

मी तोंड उघडलं. "ठिपके, ते मी..." एवढंच निघालं. खाटेखालून मावशीच्या शेपटीनं माझ्या शेपटीला वेढा घातला आणि असा आवळला की माझा श्वास अडकला.

"लावायला विसरले," मावशी म्हणाली.

"इतरांचं कधी विसरत नाहीस तू."

मावशीनं डबा तिच्या हाताशी सरकवला. "जाळली नव्हती. ही बघ." ठिपकीनं तो न उघडता बाजूला केला. "जाळली म्हणालीस ना? मग जळली ती."

परतीच्या गाडीत मी मावशीशी भांडले. म्हटलं, मी सांगते तिला, पुढच्या खेपेला सांगते, तू का म्हणून माझं ओझं वाहायचं? मावशी म्हणाली, "तिच्या डोळ्यांच्या कडा फाटल्यात. दिसायचं तर गेलंच. पण आता दर कातीला तिथे चिकटणार. नीट सोडवलं नाही तर पू होणार, आणि डोक्यात गेलं तर ती जाणार. मी आहे तोवर मी सोडवीन. माझ्यामागे कोण आहे? तूच ना? तिनं तुझा हात झिडकारला तर तिची कात कोण सोडवेल, तो चिमटेवाला? मी बोलले ते बोलले. कापड असतं तरी शब्द माझेच होते. राग एकीवर असू दे तिचा. दोघींवर परवडणार नाही."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला लिहू? मावशी माझ्या वाटची शिक्षा भोगायला तयार झाली आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

नऊ वर्षं मावशी दर कातीला तिकडे गेली. मी बरोबर असायचे. ठिपकी तोंड वर करून पडायची आणि मावशीशी एक शब्द बोलायची नाही. बोलायची ती माझ्याशी. "तिला सांग, पाणी गार आहे." मावशी लगबगीनं पाणी गरम करायची. जाताना गाडीत मला म्हणायची, "आज पाण्याचं बोलली." जणू मोठा समारंभ झाला. दुसऱ्या खेपेला तेलाचं बोलली. पाचव्या वर्षी एकदा काम चालू असताना ठिपकीला झोप लागली आणि तिचं डोकं मावशीच्या वेटोळ्यावर घरंगळलं. काम संपलं तरी मावशी हलली नाही. दुपार गेली, संध्याकाळ होत आली, मावशीची शेपूट बधिर होऊन करडी पडली. मी उठवायला गेले तर तिनं मला नुसत्या नजरेनं बाहेर काढलं. ठिपकी जागी झाली, आपण कुठे डोकं ठेवलंय ते तिला कळलं, आणि तिनं ते उचलून उशीवर ठेवलं. मावशीला पुढचे दोन दिवस सरळ सरपटता येत नव्हतं. इतकी आनंदात मी तिला फार वर्षांत पाहिली नव्हती.

नवव्या वर्षी तिचा हात कापायला लागला. ती मला घाईनं शिकवू लागली. फाटलेल्या कडेवरून करंगळी कशी उचलून न्यायची, कुठे तेल घालायचं नाही, ठिपकीनं श्वास धरला की तिला दुखतंय पण ती सांगणार नाही, तेव्हा आपणच थांबायचं. मी चुकले की ओरडायची. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हाही तिचं तेच. मी तिला पाणी पाजत होते. ती म्हणाली, "अंगठा नाही हं." मी म्हटलं, "नाही गं, करंगळी." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिची कात अर्धी उतरली होती. उरलेली मी सोडवली. चकत्यासुद्धा. तिला आता मोकळे डोळे कशाला हवेत, असं दोरवाली म्हणाली. मी तिला घराबाहेर काढलं.

ठिपकीला निरोप पाठवला. ती आली नाही. दोन महिन्यांनी तिच्या कातीची वेळ झाली तेव्हा मी एकटीच गाडीत बसले. पिशवीत बाटल्या होत्या. कापडं घेतली होती, त्यातलं एक ओलं करून सवयीनं कमरेला खोचलं होतं. रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होते: कापड मी काढलं होतं. आता मावशी नाही, आता कुणाची शेपूट मला आवळणार नाही, आता सांगायचंच.

ठिपकी तोंड वर करून पडली. मी पाणी गरम केलं, कापड ठेवलं, थेंब घातला, करंगळी फिरवायला लागले. तिच्या उजव्या डोळ्याची कड सगळ्यात वाईट आहे. तिथे मी आले तेव्हा ठिपकीनं श्वास धरला. मी थांबले.

"तिला कळायचं," ठिपकी म्हणाली. "मी श्वास धरला की तीही अशीच थांबायची."

"तिनंच शिकवलं मला."

मग तिनं विचारलं, "तो डबा आहे का गं अजून?"

"आहे."

"पुढच्या वेळी घेऊन ये." माझी करंगळी कडेवर होती आणि माझं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी तिच्यावर रागावले नव्हते इतकी वर्षं. म्हणजे होते, पण त्या बोलण्यासाठी नाही. धुकं असेल, मला काय कळत नाही? पण सगळ्या गावाला कापडं लावणारी बाई, आणि स्वतःच्या दाराला लावायचं विसरली. एवढं तरी करायचं होतं माझ्यासाठी. मी दोनदा चाचपलं होतं गं." तिनं हात वर करून माझं मनगट शोधलं आणि हळूच धरलं. "तू असतीस तर विसरली नसतीस."

चकती अर्धी सुटली होती, अर्धी फाटक्या कडेला धरून होती. ओलं कापड माझ्या कमरेलाच होतं, त्याचं पाणी शेपटीवरून फरशीवर टपकत होतं.

"हलू नकोस," मी म्हणाले.